शील आणि आचरण : प्राचीन कन्फ्यूशियन परंपरेतील एक शब्दविचार

परकीय भाषेतील तत्त्वग्रंथ वाचीत असता वाचकाची खरी फसगत अवघड शब्दांपाशी होत नाही. ती सोप्या वाटणाऱ्या शब्दांपाशी होते. अवघड शब्द आला की तो थांबतो, कोश उघडतो, जाणत्यास विचारतो. सोप्या शब्दावरून तो तसाच पुढे निघून जातो. कन्फ्यूशियसच्या विचाराशी आपला परिचय बहुधा इंग्रजीच्या द्वारे झालेला असल्यामुळे ‘सद्गुण’ हा असाच एक सोपा शब्द आपल्या वाटेत येतो. मूळ चिनी शब्द ‘दे’ हा आहे. जेम्स लेग याने १८६१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषांतरात त्यासाठी ‘व्हर्च्यू’ हा शब्द योजिला, आणि त्याचेच ‘सद्गुण’ हे मराठी रूप आपण निःशंकपणे वापरू लागलो. परिणाम असा झाला की, प्रामाणिकपणा, नम्रता, मातापित्यांविषयी आदर अशा गुणांची यादी देणारा आणि शिष्टाचाराचे नियम सांगणारा एक सज्जन उपदेशक, एवढेच कन्फ्यूशियसचे चित्र अनेकांच्या मनात उरले.

या चित्रात जो प्रश्न हरवतो तो प्रस्तुत लेखाचा विषय आहे. एखादे कृत्य बाहेरून सर्वथा निर्दोष असूनही ते करणाऱ्याचे स्वतःचे नाही, असे घडू शकते काय? आणि घडत असेल, तर ते कृत्य त्याचे स्वतःचे केव्हा व कसे होते? इसवी सनापूर्वी सहाव्या ते तिसऱ्या शतकांतील कन्फ्यूशियन विचारवंत या प्रश्नाशी झगडत होते आणि त्याची त्यांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. मी भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, तत्त्वज्ञानाचा नव्हे. यास्तव या वादाकडे मी शब्दांच्या वाटेने जाणार आहे. चिनी शब्दांचे देवनागरी लेखन येथे केवळ कामापुरते व स्थूल आहे, हेही आरंभीच सांगितलेले बरे.

१

आचरणास चिनी भाषेत ‘शिङ्’ हा शब्द आहे. शांग काळी शकुन पाहण्यासाठी वापरलेल्या हाडांवर व कासवांच्या कवचांवर या शब्दाचे जे चिन्ह कोरलेले आढळते, ते चौरस्त्याचे आहे. वाट, चालणे आणि त्यावरून वागणे, असा हा अर्थविस्तार आहे. आपणांस त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. ‘चर्’ म्हणजे चालणे या धातूपासूनच आपला ‘आचार’ आणि आपले ‘आचरण’ आले, आणि व्यवहारात आपण माणसाची ‘चालचलणूक’च पाहतो.

‘दे’ या शब्दाचे चिन्ह अधिक गुंतागुंतीचे आहे. पश्चिम चौ काळातील काशाच्या पात्रांवर ते येते तेव्हा त्यात तीन घटक दिसतात : चौरस्त्याच्या चिन्हाचा अर्धा भाग, सरळ पाहणारा डोळा आणि खाली हृदय. अक्षराच्या घटकांवरून शब्दाचा अर्थ सिद्ध होत नाही, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. परंतु लिहिणाऱ्यांच्या मनात त्या शब्दाभोवती कोणत्या कल्पना वावरत होत्या, याची ती साक्ष खचित असते. वाट, नजर आणि हृदय ही तीन येथे एकत्र आली आहेत.

शेन्सी प्रांतातील पाओ-ची येथे १९६३ साली सापडलेले ‘हो त्सुन’ नावाचे मद्यपात्र हा याचा चांगला पुरावा आहे. पात्राच्या आतील तळाशी लेख आहे, हे १९७५ साली ते स्वच्छ करताना ध्यानात आले. इसवी सनापूर्वी ११ व्या शतकाच्या उत्तरार्धातील या लेखात ‘दे’ हा शब्द राजाच्या संदर्भात आणि ‘तिएन’, म्हणजे आकाशस्थ सत्ता, हिच्याशी असलेल्या त्याच्या नात्याच्या ओघात येतो. इतर पात्रांवरील लेखांत सरदार मंडळी आपल्या वाडवडिलांचा ‘दे’ आपण आदर्श म्हणून पुढे चालवीत आहोत, असे सांगतात. तेव्हा हा ‘दे’ म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या ठिकाणी असलेला सुटा गुण नव्हे. तो पूर्वजांकडून चालत येतो, राजाच्या ठायी साठतो, प्रजेस व दैवतांस आपलेसे करतो. आर्थर वेली यांनी १९३४ साली लाओ-त्झच्या ग्रंथाचे भाषांतर करताना ‘व्हर्च्यू’ टाकून ‘पॉवर’ हा शब्द पत्करला, तो याच कारणाने.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे. ‘मिळविणे’ या अर्थाचा दुसरा एक चिनी शब्द ‘दे’शी समोच्चारी आहे, प्राचीन उच्चारांच्या पुनर्रचनेतही हे दोन शब्द एकरूपच ठरतात. चिनी पंडितांनी या ध्वनिसाम्याचा उपयोग करून पहिल्या शब्दाचा उलगडा दुसऱ्याने केला. यास्काच्या निरुक्ताशी परिचित असलेल्या वाचकास ही पद्धती ओळखीची वाटेल. इसवी सन १०० च्या सुमारास श्यू शेन याने रचलेल्या कोशात तर ‘दे’चे स्पष्टीकरण दुहेरी आहे : बाहेर इतरांच्या बाबतीत काही प्राप्त होणे आणि आत स्वतःच्या ठिकाणी काही प्राप्त होणे. व्युत्पत्ती म्हणून याचे मोल काहीही असो, समस्या मात्र त्याने अचूक पकडली आहे. ‘दे’ला आत आणि बाहेर अशी दोन तोंडे आहेत.

२

कन्फ्यूशियस (इ. स. पू. ५५१–४७९) हा लू राज्यातील. त्याच्या संवादांचा ‘लून-यू’ हा संग्रह शिष्यप्रशिष्यांनी पुढे सिद्ध केला. त्यात ‘दे’चे जुने, बहिर्मुख रूप अजून ठसठशीत आहे. ‘दे’च्या योगाने राज्य करणारा राजा ध्रुवताऱ्यासारखा जागीच राहतो आणि इतर तारे त्याच्याभोवती फिरतात, श्रेष्ठाचा ‘दे’ वाऱ्यासारखा असतो आणि सामान्यांचा गवतासारखा. शिक्षेच्या धाकाने लोक गुन्हा टाळतील, पण त्यांना लाज वाटणार नाही. ‘दे’ आणि ‘ली’, म्हणजे विधी व शिष्टाचार, यांनी चालविल्यास लाज उत्पन्न होईल व ते स्वतःहून सुधारतील, असा त्याचा अभिप्राय आहे.

परंतु याच ग्रंथात नजर आत वळू लागलेली दिसते. मातापित्यांच्या सेवेचा प्रश्न निघतो तेव्हा कन्फ्यूशियस विचारतो की, अन्न तर आपण कुत्र्याघोड्यांसही घालतो. आदर नसेल तर भेद कोणता राहिला? दुसऱ्या एका शिष्यास तो सांगतो की, कष्टाची कामे अंगावर घेणे किंवा वडीलधाऱ्यांस आधी वाढणे यात फारसे काही नाही. अवघड आहे तो चेहऱ्यावरचा भाव. येथे कृत्य तेच आहे, पानातील अन्न तेच आहे. फरक पडला आहे तो कर्त्याच्या अंतरंगात, आणि विशेष हे की तो चेहऱ्यावर उमटतो.

याच्या उलट टोकास ‘गावचा सज्जन’ उभा आहे. त्याच्यात बोट ठेवावयास जागा नाही. सर्व गाव त्याला चांगला म्हणते. कन्फ्यूशियस मात्र त्याला ‘दे’चा चोर म्हणतो. हा शेरा इतका कठोर का? मेन्शियसने पुढे त्याचे कारण उलगडले आहे. उघड दुर्जनापासून ‘दे’ला भय नाही, कारण त्याला कोणी सज्जन समजणार नाही, भय आहे ते हुबेहूब नकलेपासून. पिकात तण माजले म्हणून शेतकरी चिडतो त्यापेक्षा, ते तण पिकासारखेच दिसते म्हणून अधिक सावध होतो, तसे हे आहे.

मग अंतरंग नसेल तर आचरण सोडून द्यावे काय? त्साय वो नावाच्या शिष्याचा प्रसंग या दृष्टीने ‘लून-यू’तील सर्वांत बोचरा प्रसंग आहे. मातापित्यांसाठी तीन वर्षे सुतक पाळण्याचा प्रघात होता. त्साय वोचे म्हणणे असे की, एक वर्ष पुरे. तीन वर्षे विधी व संगीत यांपासून दूर राहिले तर तेच लयास जातील, आणि धान्याचे चक्रही वर्षात पुरे होते. युक्तिवाद वाईट नाही. कन्फ्यूशियस उलट एवढेच विचारतो की, त्या काळात उत्तम भात खाऊन व भरजरी वस्त्रे नेसून तुझ्या मनाला स्वस्थ वाटेल काय? त्साय वो म्हणतो, वाटेल. मग तसे कर, असे गुरू त्याला सांगतो. शिष्य निघून गेल्यावर मात्र तो इतरांपाशी खेद व्यक्त करतो : याच्या ठिकाणी ‘रन’, म्हणजे मनुष्यत्वाचा ओलावा, नाही, मूल तीन वर्षांचे होईतो आईबापांच्या कडेवरून उतरत नाही, ते प्रेम याला लाभले नव्हते काय?

गुरूने शिष्यास सुतक पाळण्याची आज्ञा का केली नाही? पाळून त्याने काय साधले असते? कन्फ्यूशियस याचे उत्तर देत नाही. इतरत्र तो दोन भिन्न गोष्टी सांगतो. एका ठिकाणी तो म्हणतो की ‘रन’ दूर नाही, मनापासून इच्छिताच ते येऊन ठेपते. दुसऱ्या ठिकाणी तो आपले आयुष्य टप्प्याटप्प्याने सांगतो : अध्ययनाचा निश्चय १५ व्या वर्षी झाला, पण मनास येईल तसे वागूनही मर्यादा मोडत नाही, ही अवस्था ७० व्या वर्षी आली. एका क्षणाचे काम, की ५५ वर्षांचे? पुढील पिढ्यांचा वाद या फटीतून उगवला.

३

या वादातील मधला दुवा जवळजवळ दोन हजार वर्षे हरवलेला होता. श्युन-त्झने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या प्रकरणात बारा विचारवंतांवर टीका केली आहे. त्यांपैकी कन्फ्यूशियसचा नातू त्झ-स आणि मेन्शियस या दोघांवर, त्यांनी ‘वू शिङ्’ नामक विचित्र मत उभारले, असा ठपका आहे. ‘वू’ म्हणजे पाच. परंतु लाकूड, अग्नी, माती, धातू, जल हे सुप्रसिद्ध पंचक मेन्शियसच्या ग्रंथात कोठेच नाही. मग ही टीका कशावर? थांग काळातील भाष्यकार यांग लियांग याने येथे पाच नित्यगुण अभिप्रेत असावेत असे सुचविले. पण आधाराचा ग्रंथ कोणासमोरच नव्हता.

१९७३ साली हूनान प्रांतातील चांग-शा शहराजवळ मा-वांग-त्वे येथील तिसऱ्या क्रमांकाच्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या पोथ्या सापडल्या. हे थडगे इ. स. पू. १६८ मध्ये बंद झालेले. लाओ-त्झच्या एका प्रतीला जोडून तेथे एक अनामिक प्रकरण होते. पांग फू या संशोधकाने १९७७ साली दाखवून दिले की, श्युन-त्झने ज्यावर टीका केली ते ‘वू शिङ्’ हेच. पुढे १९९३ साली हू-पे प्रांतातील चिंग-मन जवळच्या क्वो-त्येन गावी, इ. स. पू. ३०० च्या सुमाराच्या एका थडग्यात सुमारे ८०० बांबूच्या पट्ट्या निघाल्या. १९९८ साली त्या प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांत हेच प्रकरण भाष्याविना, आणि आरंभी ‘वू शिङ्’ हे नाव घेऊन हजर होते. तर्काला पुराव्याची जोड मिळाली.

प्रकरणाचा आरंभच आपल्या प्रश्नास भिडतो. ‘रन’, ‘यी’ म्हणजे औचित्य, ‘ली’ म्हणजे विधी, प्रज्ञा आणि ऋषित्व अशी पाच आचरणे तेथे सांगितली आहेत. त्यांपैकी प्रत्येकाविषयी ग्रंथकार भेद करतो. ते जर आत आकारास आले असेल तर त्याला ‘दे’चे आचरण म्हणावे, आत आकारास आलेले नसेल तर नुसते आचरण म्हणावे. गंमत अशी की, पाचव्याच्या, म्हणजे ऋषित्वाच्या बाबतीत क्वो-त्येनच्या प्रतीत दोन्ही पर्यायांस ‘दे’चे आचरण असेच म्हटले आहे. काही अभ्यासक हा लेखनिकाचा प्रमाद मानतात, तर काहींच्या मते ते हेतुपुरस्सर आहे, कारण ऋषित्वाची बाहेरून नक्कल संभवतच नाही.

यापुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. पाचही आचरणांचा मेळ जमला की त्याला ‘दे’ म्हणावे. चारांचा जमला तर ‘शान’, म्हणजे चांगुलपणा. चांगुलपणा ही मनुष्याची वाट आहे, ‘दे’ ही ‘तिएन’ची वाट आहे. चांगुलपणास आदि आहे तसा अंतही आहे; ‘दे’ला आदि आहे, पण अंत नाही. हा मेळ समजावण्यासाठी ग्रंथकार संगीताकडे वळतो. वृंदवादनाचा आरंभ काशाच्या घंटेने होतो व समाप्ती जेड पाषाणाच्या नादाने होते. ज्याच्या ठायी ‘दे’ आहे तोच हे दोन्ही टोकांस नेऊ शकतो.

नुसत्या आचरणास येथे ढोंग म्हटलेले नाही, इकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्याला मानाचे स्थान आहे. चांगुलपणा हा मनुष्याचा मार्गच आहे. मात्र तो ‘दे’ नव्हे. या पट्ट्यांवर ‘रन’ हा शब्द लिहिण्याची तऱ्हाही बोलकी आहे. पुढील काळात रूढ झालेल्या चिन्हात माणूस आणि दोनाचा आकडा आहेत. येथे मात्र वर देह आणि खाली हृदय आहे. ‘दे’चे चिन्हही येथे वाटेचा घटक टाकून सरळ नजर व हृदय एवढ्यावर उतरले आहे.

४

मेन्शियस (इ. स. पू. ४ थे शतक) हा भेद पुढे नेतो, पण त्याचा रोख बदलतो. विहिरीत पडू पाहणारे मूल दिसताच कोणाच्याही मनात कळवळा उठतो. तो आईबापांची मर्जी संपादन करण्यासाठी नसतो, नावलौकिकासाठीही नसतो. हा कळवळा म्हणजे ‘रन’चा अंकुर. असे चार अंकुर प्रत्येकाच्या ठिकाणी आहेत. तेव्हा आतला आकार शून्यातून घडवावयाचा नसून वाढवावयाचा आहे. प्राचीन राजा शुन याच्याविषयी मेन्शियस सांगतो की, तो ‘रन’ व ‘यी’ यांपासून वागत असे. ‘रन’ व ‘यी’ यांचे पालन करीत नसे. मूळ चिनीत हा सारा फरक ‘शिङ्’ या एका शब्दाच्या जागेवर तोललेला आहे. एका वाक्यखंडात ते गुण आचरणाचा उगम आहेत, दुसऱ्यात ते त्याचे कर्म आहेत. व्याकरणातील अपादान आणि कर्म यांच्या भेदात नीतिशास्त्राचा एवढा मोठा भेद सामावावा, याचे भाषाशास्त्रज्ञास कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

या मताचा धोका मेन्शियसला ठाऊक होता. सुंग राज्यातील एका मनुष्याने रोपे लवकर वाढावीत म्हणून ती ओढून उंच केली आणि थकून घरी येऊन तो पराक्रम सांगितला. मुलगा शेतावर धावला तो रोपे माना टाकून पडलेली. खुरपणी न करणारा जसा चुकतो, तसाच ओढणाराही चुकतो.

श्युन-त्झ (इ. स. पू. ३ रे शतक) याला हे अंकुर मान्य नाहीत. मनुष्याची जन्मजात वृत्ती हाव व मत्सर यांकडे झुकते. तिच्यातून चांगुलपणा आपोआप निघणार नाही. चांगुलपणा येतो तो ‘वेइ’मुळे. हे चिन्ह ‘माणूस’ आणि ‘करणे’ या दोन घटकांचे आहे. ‘नामांची शुद्धी’ या प्रकरणात त्याने या शब्दाच्या दोन व्याख्या दिल्या आहेत : मनाने विचार करावा व त्यानुसार शक्ती हलावी, हे ‘वेइ’; आणि असा विचार साचत जाऊन, सवयीने मुरून जे सिद्ध होते, तेही ‘वेइ’. एकाच शब्दात कृती आणि कृतीचे फलित एकत्र आले आहेत. कुंभार माती मळून भांडे घडवितो. भांडे मातीच्या स्वभावातून निघत नाही, कुंभाराच्या ‘वेइ’तून निघते.

परंतु याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘खोटे, बनावट’ असा आहे, आणि आधुनिक चिनीत तोच उरला आहे. श्युन-त्झच्या विरोधकांस ही आयतीच संधी होती : तुमचा चांगुलपणा तुमच्याच शब्दाने बनावट ठरतो! त्याची बाजू इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक चांगली मांडता येते. ‘कृ’ या एका धातूपासून आपल्याकडे ‘संस्कार’ही आला आणि ‘कृत्रिम’ही. दोन्हींचा मूळ अर्थ माणसाने केलेले, निसर्गतः नसलेले. एकास आपण मान देतो, दुसऱ्याकडे संशयाने पाहतो. ‘वेइ’ हा ‘संस्कार’ आणि ‘कृत्रिम’ यांची फारकत होण्यापूर्वीचा शब्द आहे, असे म्हटले असता श्युन-त्झचे म्हणणे आपणांस चटकन उमगते.

५

आता ‘दे’साठी मराठीत कोणता शब्द योजावा? ‘पुण्य’ चालणार नाही. बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा ‘पुण्य’ व ‘गुण’ यांसाठी ‘कुंग-दे’ हा जोडशब्द वापरला गेला, हे खरे. पण तो कित्येक शतकांनंतरचा व्यवहार आहे. मला ‘शील’ हा शब्द जवळचा वाटतो. महाभारताच्या शांतिपर्वात इंद्र ब्राह्मणवेषाने प्रल्हादाकडून त्याचे शील मागून घेतो, ती कथा वाचकांस आठवत असेल. तेजोरूप शील प्रल्हादाच्या देहातून बाहेर पडते. त्यामागोमाग धर्म, सत्य, वृत्त, बल आणि अखेरीस श्री हीही निघून जातात. शील हे राज्य धरून ठेवणारे सामर्थ्य आहे आणि वृत्त, म्हणजे वर्तन, त्याच्या मागून चालते, ही कल्पना पात्रांवरील ‘दे’च्या किती निकट आहे! मात्र एक अंतर विसरता कामा नये. प्रल्हादाचे शील दान देता येते. कन्फ्यूशियन ‘दे’ अशा रीतीने हातचा सुटत नाही. शिवाय, तो मिळविण्याच्या हेतूने सत्कृत्य केले तर तो मिळत नाही, ही अडचण डेव्हिड निव्हिसन यांनी स्पष्टपणे पुढे आणलेली आहे.

प्रतिशब्द कोणताही घ्यावा, प्रश्न शिल्लक राहतोच. त्साय वोला आज आपण काय सांगू? ‘वू शिङ्’चा कर्ता सांगेल : सुतक पाळ, ते नुसते आचरण होईल, पण तेही माणसाची वाट आहे. मेन्शियस त्याच्या कठोर मनातला ओलावा शोधू लागेल. श्युन-त्झ म्हणेल : आधी पाळ, तीन वर्षांत जे मुरेल ते तुझेच असेल. आपण अध्यापक मंडळी विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे अनेक गोष्टी करवून घेतो : टिपणे, संदर्भ, परमताची प्रामाणिक मांडणी. त्या त्यांच्या आत आकारास येतात की परीक्षेबरोबर गळून पडतात, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. कन्फ्यूशियसलाही ते कृत्यावरून कळले नाही. त्याने शिष्यास, तुला स्वस्थ वाटेल काय, एवढेच विचारले. उत्तर ऐकून त्याने बळजबरी केली नाही, पण त्या उत्तराने तो स्वतः मात्र अस्वस्थ झाला. ‘सद्गुण’ या सोप्या शब्दाने ती अस्वस्थता झाकली जाते, म्हणून या शब्दापाशी थांबावयाचे.